हरवलेले दहा इंच

टेपचं टोक कोपऱ्यात टिकेचना. पत्र्याचं ते इवलंसं नाक भिंतीशी अडकवावं, मागे मागे सरकावं, आणि खोलीच्या मध्यावर पोचेपर्यंत ते सुटून फरफटत परत... सर्र... थेट बोटांवर. तिसऱ्यांदा सुटलं तेव्हा ती वाकली आणि मग सरळ गुडघे टेकून बसलीच, कारण कोपरा असा तिथे नव्हताच. जमीन भिंतीला भेटते तिथे तिला काटकोन हवा होता, आणि तिथे कुण्या गवंड्याने हलकी गोलाई ओढून ठेवली होती — जमीन हळूच वर चढून भिंत झाली होती, कुठे संपली नि कुठे सुरू झाली ते सांगता येऊ नये अशी. धूळ साठू नये म्हणून... तिने त्या गोलाईवरून बोट फिरवलं. धूळ नव्हती. असा कोपरा वळवायला किती वेळ जातो हे तिला ठाऊक होतं, आणि त्या वेळेचे पैसे तिच्या ऑफिसात कोणी दिले नसते हेही. वा, असं मनात आलं, आणि लगेच तिने स्वतःला दटावलं — बाई, तू इथे दोष काढायला आली आहेस.

दोष काढणं हे काही तिला नवीन नव्हतं. एका बिल्डरच्या ऑफिसात ती नकाशे काढायची. अर्ध्या इंचासाठी दार सरकवायचं, वीतभर जागेत कपाट बसवायचं, तीन खोल्यांच्या जागेत साडेतीन दाखवायच्या, यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्या हाताला या घरातले दोष शोधायला पाच मिनिटंसुद्धा लागली नव्हती. तिसरा मजला, लिफ्ट नाही. बाथरूम एकच, तेही गॅलरीच्या टोकाला. वायरी भिंतीवरून लाकडी पट्ट्यांतून धावलेल्या. पाइप गंजलेले. ओटा बुटका, आणि गाडी लावायची म्हटली तर देवाचं नाव घेऊन रस्त्यावर. आणि किंमत? या किमतीत गावाबाहेरच्या टॉवरमध्ये दोन फ्लॅट आले असते, वर पोहायचा तलाव. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, इथे तर कोंबडीच बारा आण्यांची होती, मसाला वेगळाच.

ऑफिसात साहेब रोज कपाळाला हात लावायचे. "आपण लिफ्ट देतो, जिम देतो, बाग देतो, आणि हे शहाणे पैसे मोजतात ते गळक्या नळाला! काय मिळतं हो यांना?" ती मान हलवायची. काय मिळतं ते तिलाही कळत नव्हतं. हौस असेल, फोटो चांगले येत असतील, चारचौघांत सांगायला बरं वाटत असेल — असं ती धरून चालली होती. आणि मग गेल्या महिन्यात एके संध्याकाळी नवरा चहाचा कप खाली ठेवून हलक्या आवाजात म्हणाला, "एक घर बघून आलोय. जुनं आहे." तेव्हा तिला हसूच आलं होतं. जगाला ज्ञान सांगावं, आणि वेड आपल्याच घरी पाट मांडून बसावं!

हसू दोन दिवस टिकलं. मग कळलं की ही गंमत नाही. राहता फ्लॅट विकायचा, त्यात निवृत्तीचे आलेले सगळे पैसे घालायचे, तिच्या नावावरचं थोडं मोडायचं — म्हणजे आयुष्यभराची पुंजी या गोल कोपऱ्यांत ओतायची. "का पण?" तिने विचारलं होतं. तो म्हणाला, खाली उतरलं की माणसं दिसतात. तो म्हणाला, झाड खिडकीत येतं. मग म्हणाला, "तू हो म्हणालीस तरच." सगळा भार असा तिच्या हातात देऊन तो मोकळा झाला. पाच वाजता दुसरं गिऱ्हाईक येणार होतं, आणि त्याच्या आत घरमालकाला हो किंवा नाही सांगायचं होतं. नाही सांगायला कारण लागतं. तेवढ्यासाठी ती अर्धी रजा टाकून, टेप घेऊन इथे आली होती.

खरं तर जिना चढतानाच पहिला घोळ झाला होता. तीन मजले म्हणून ती छातीत श्वास भरून निघाली, आणि वर पोचली तरी श्वास तसाच शिल्लक. पायऱ्या बुटक्या होत्या, रुंद होत्या. प्रत्येक वळणावर एक खिडकी, खिडकीखाली बसण्यापुरता दगडी कट्टा — म्हणजे चढणारा माणूस दमेल हे कोणीतरी आधीच धरून चाललं होतं, आणि तो दमला तर त्याला बाहेरचं काहीतरी बघायला मिळावं, इतपत विचार केला होता. आम्ही जिना कसा काढतो? कायद्यात बसेल तेवढा उंच, कायद्यात बसेल तेवढा अरुंद, आणि वर आग लागल्यास वापरावा अशी पाटी. हात कठड्यावर ठेवला तर लाकूड तळव्याला ओळखीचं लागलं. हे सगळं तिने मनातल्या मनात खोडलं होतं. जिन्याचे पैसे कोण देतं?

नवरा आता पलीकडच्या खोलीत होता. सर. शाळेतली पोरं, पालक, कोपऱ्यावरचा न्हावी, सगळे त्यांना सरच म्हणत. गेल्या वर्षी निवृत्त झाले तरी सरच. खेळाचे सर. मैदानाच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या पोराच्या बुटाची नाडी सुटली आहे हे ते शिट्टीशिवाय सांगायचे. लग्नाच्या आधी तिच्या वडिलांनी चौकशी केली तेव्हा शाळेचा शिपाई म्हणाला होता, मुलगा चांगला आहे, फक्त त्याच्याशी गुपित बोलू नका, सगळ्या गावाला ऐकू जाईल. तिचे वडील ही गोष्ट प्रत्येक पाहुण्याला सांगत. तो आवाज...

तो आवाज कधी बसला? बसला नाही — बसवला. ते दोघं राहायचे ती इमारत तिच्याच ऑफिसची, तिथल्या भिंतींच्या रेघा तिच्याच. राहायला गेल्यावर आठ-दहा दिवसांतच एक भांडण झालं होतं, साधंच, कपाट कुठल्या भिंतीला लावायचं यावरून सुरू होऊन नेहमीच्या शिरस्त्याने दोन्हीकडच्या नातेवाइकांना भेटून आलेलं, आणि दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये शेजारच्या वहिनींनी तिचा हात हलकेच दाबला. "होतं सगळं ठीक. माणसांत व्हायचंच." किती प्रेमाने म्हणाल्या बिचाऱ्या! तिला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. त्या दिवसापासून घराचा आवाज उतरला. भिंतीला कान असतात म्हणतात. त्यांच्या घरात भिंत म्हणजे नुसता कानच होता. पलीकडे कुणी खुर्ची ओढली की इकडे कळायचं, फोन टेबलावर थरथरला तरी कळायचं. शेजारचे काका रात्री किती वेळा उठतात हे तिला त्यांच्या डॉक्टरांपेक्षा जास्त माहीत होतं. आणि मग आपलंही त्यांना...

भांडायचं झालं तर गाडीत. ही सोय सरांनी काढली होती. एकमेकांकडे बघायचं, किल्ली उचलायची, लिफ्टने तळघरात उतरायचं, गाडीत बसून काचा वर करायच्या, आणि मग होऊन जाऊ दे. तळघरातला वॉचमन आधी सलाम ठोकायचा. पुढे पुढे तो त्यांना बघितलं की शहाण्यासारखा पाठ करून बसू लागला. मनसोक्त भांडून, कधी रडून, कधी मधेच हसू फुटून दोघं वर यायची. एकदा तर भांडण मिटल्यावर गाडी तशीच बाहेर काढून, घरातल्या चपलांवर, दोघं नदीपर्यंत जाऊन आली होती. चांगले दिवस होते ते... मग हळूहळू कमी झालं. राग लिफ्टपर्यंत टिकेना. लिफ्ट यायला उशीर झाला की तेवढ्यात निवायचा, आणि दोघं किल्ली परत खुंटीला लावायची. गेल्या दोन वर्षांत ती दोघं एकदाही खाली गेली नव्हती. "आमच्यात आता भांडणंच होत नाहीत," असं ती धाकट्या बहिणीला फोनवर अभिमानाने सांगायची, अर्थात हळू आवाजात. मुलगी सुट्टीला आली होती ती मात्र दोन दिवस गप्प बसली आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आई, घरात कुणी झोपलंय का? तुम्ही दोघं असं काय बोलता?"

तिची आई गेली तेव्हा ती नळ सोडून रडली होती. शेजारच्या मुलीची परीक्षा होती. पाणी किती वाया गेलं असेल.

असो. टेप, टेप. तिने कागद गुडघ्यावर घेतला. पुढची खोली झाली, मागची झाली. मागच्या अंगाला एक गॅलरी दोन्ही खोल्यांना धरून सरळ गेली होती. तिचं अख्खं माप एका दमात घेतलं. आता दोन खोल्यांची आतली मापं, अधिक मधली भिंत, म्हणजे गॅलरीएवढी बेरीज यायला हवी. आली नाही. पुन्हा केली. दहा इंच कमी. ती उठली, दोन्ही खोल्या पुन्हा मापल्या, या वेळी टोक चपलेने दाबून धरून. तरी दहा इंच कमीच. आणि तिला — खरं सांगायचं तर — आनंद झाला. सापडलं! काहीतरी बुजवलं आहे इथे. जुना पाइप असेल, बंद केलेलं कपाट असेल, ओल झाकायला उभी केलेली खोटी भिंत असेल. दहा इंच लपवणारा माणूस आणखी काय काय लपवत असेल! नाही म्हणायला यापेक्षा चांगलं कारण ते कोणतं?

घरमालक दातांचे डॉक्टर होते. पुढच्या खोलीतच त्यांचा दवाखाना होता. खुर्चीचे चार बोल्ट अजून फरशीत होते. गुडघे गेले म्हणून आता ते लेकीकडे तळमजल्यावर राहायला निघाले होते. "तुम्ही निवांत बघा, मी खाली शिंप्याकडे बसतो," असं सांगून ते गेले होते, "काही लागलं तर खिडकीतून हाक मारा."

हाक. ती खिडकीशी गेली. खाली शिंप्याच्या दुकानासमोर स्टुलावर डॉक्टर पेपर वाचत होते, त्यांचं टक्कल अगदी समोर दिसत होतं. तिने तोंड उघडलं, आणि घशातून जे निघालं त्याने खिडकीतली चिमणीही उडाली नसती. पुन्हा प्रयत्न केला. नाही. ती वळून मागच्या खोलीत गेली. "अहो, त्यांना जरा बोलवा ना वर."

सर खिडकीत आले. छाती भरून घेतली, आणि —

"डॉक्टऽऽऽर!"

शिंप्याचं मशीन थांबलं. समोरच्या घरातली बाई गॅलरीत आली. एक सायकलवाला पाय टेकून वर बघू लागला. "अहो, हळू!" तिने त्यांची बाही धरली, सवयीने, आणि त्यांच्या तोंडाकडे बघून तिचा हात आपोआप सुटला. सर खिडकीबाहेर बघत हसत होते. लाजलेही होते थोडे. "जरा जास्त झाला का?" ते म्हणाले, परत त्यांच्या घरातल्या आवाजात.

डॉक्टर गुडघे सांभाळत येईपर्यंत वेळ होता. काय काय विचारायचं ते मनाशी जुळवत ती दोन खोल्यांमधल्या दारात उभी राहिली, पाठ एका बाजूला टेकून. दमलीही होती. पाठ टेकली, खांदे टेकले, मग नकळत एक पाऊल उचलून समोरच्या बाजूला लावलं, आणि तशी आरामात उभी राहून ती मधल्या भिंतीकडे संशयाने बघत राहिली. कुठे असतील हे दहा इंच... आणि मग तिला जाणवलं की आपली अख्खी पाठ टेकली आहे. दाराच्या बाजूला पाठ टेकत नाही. तिच्या घरात दारात टेकावं तर एक खांदा टेकतो आणि चौकटीची कड रुतते. इथे ती मावली होती, सगळीच्या सगळी. ती या खोलीत नव्हती, त्या खोलीतही नव्हती. ती भिंतीत उभी होती.

तिने टेप लावली. चौदा इंच.

कागदावर मधल्या भिंतीचे चार इंच लिहिले होते. मापले नव्हते — लिहिले होते. भिंत कोणी मापत नाही, भिंत माहीत असते. वीस वर्षं हात चार लिहितो आहे, डोळ्यांना विचारतही नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा! तिला हसू आलं. चौदा इंच. आज अशी रेघ मारली तर साहेब कागद तोंडावर फेकतील. प्रत्येक खोलीमागे दहा इंच फुकट! विकता न येणारी जागा! आणि कोणीतरी ती दिली होती. दोन माणसांच्या मध्ये एवढी विटांची, चुन्याची, थंडगार जागा सोडून दिली होती, आणि वर कुठे जाहिरात नाही. पाइप बदलता येतात. वायरी आत घेता येतात, ओटा उंच करता येतो, लिफ्टसुद्धा बाहेरून लावतात आता. भिंत जाड करता येत नाही. म्हणून पैसे मोजतात का लोक? त्यांना तरी माहीत असतं का कशाचे मोजतो आहोत? बाई, तुला कुठे माहीत होतं, टेप हातात असून.

डॉक्टर धापा टाकत दारात आले. "काय, काय सापडत नाहीये?"

"सापडलं," ती म्हणाली. म्हाताऱ्या माणसाला उगाच तीन मजले चढवल्याबद्दल कानांच्या पाळ्या गरम झाल्या. "भिंत... भिंत बरीच जाड आहे."

"मग! तिच्यावरच तर प्रॅक्टिस चालली." डॉक्टर बोल्टांजवळ उभे राहून खुशीत आले. "इथे आत एकेकजण काय ओरडायचा! आणि बाहेर बाकडावरचे पेशंट आरामात पेपर वाचत बसलेले. ऐकू आलं असतं तर निम्मे उठून घरी गेले असते." मग ते घड्याळाकडे बघून, जरा संकोचून म्हणाले, "ती दुसरी मंडळी निघालीत, फोन आला होता. चहा टाकतो, तेवढ्यात काय ते ठरवा." आणि ते गॅलरीतून स्वयंपाकघराकडे गेले.

सर मागच्या खोलीत झाडाकडे बघत उभे होते. विचारत नव्हते. हा माणूस कधीपासून असा न विचारता उभा राहायला शिकला?

"मी दार लावून घेते," ती म्हणाली. "मोठ्याने काहीतरी बोला. बघू या, ऐकू येतं का."

"काय बोलू?"

"काहीही."

दार जड होतं, आणि लागलं ते मऊ, शेवटचा हवेचा फुसकारा सोडून. खिडकीही तिने लावली. ती पुढच्या खोलीच्या मधोमध उभी राहिली, फरशीतल्या बोल्टांच्या मध्ये, आणि कान दिला. काही नाही. भिंतीजवळ गेली, गाल टेकवला. भिंत गार होती. आतून काही येत नव्हतं — खुर्ची नाही, खोकला नाही, नळ नाही — आणि तिला वाटलं, बोललेच नसतील. काय बोलू म्हणून उभे असतील तसेच. एवढ्या वर्षांनी माणसाला मोठ्याने बोल म्हटलं तर सुचणार काय... तिने बराच वेळ जाऊ दिला. मग जाऊन दार उघडलं.

सर खोलीच्या मध्यावर उभे होते. मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या, तोंड लाल, छाती वरखाली होत होती. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते त्यांनी बाहीने पुसलं, मैदानावर घाम पुसायचे तसं.

"बोललात?"

"हो."

"काय?"

ते झाडाकडे बघू लागले. "काही नाही. एक दोन तीन म्हटलं."

एक दोन तीनने शिरा फुगत नाहीत. एवढा वेळ कोणी एक दोन तीन म्हणत नाही. ती दारातून आत आली. या माणसाने आत्ता, या बंद दाराआड, काहीतरी म्हटलं होतं, जीव तोडून म्हटलं होतं. आणि ते काय होतं याचा मला अंदाजसुद्धा नाही. माझ्याबद्दल? शाळेबद्दल? माझी आई गेली त्या रात्री हा दाराबाहेर नळाचा आवाज ऐकत उभा होता का, त्याबद्दल? एकाच पलंगावर झोपतो आम्ही. शेजारचे काका किती वेळा उठतात ते मला माहीत, आणि हे...

"खोटं बोलताय!"

आवाज तिचा होता. फाटका, उंच, खोलीभर गेला. आणि ती जागच्या जागी थांबली, मान जराशी भिंतीकडे कलती करून, सवयीने, पलीकडून काही उत्तर येतंय का ते ऐकत. खुर्ची सरकेल. कोणी घसा खाकरेल. काहीच आलं नाही. आपला आवाज कुणापर्यंत गेला नव्हता, फक्त समोरच्या माणसापर्यंत गेला होता, आणि तो माणूस आता झाडाकडे बघत नव्हता.

"बरं, मग तू सांग," सर म्हणाले, आणि तेही हळू म्हणाले नाहीत. "तू सांग ना, काय म्हटलं असेल मी!"

गॅलरीपलीकडे डॉक्टर कपबशा मांडत असतील. खाली जिन्यात कुणाची तरी नवी पावलं वाजत असतील, वाजोत. तिला राग आला होता, खरा, कडकडीत, लिफ्टची वाट न बघणारा. आणि तो निवू नये, निदान एवढ्यात तरी निवू नये, म्हणून तिने हात मागे नेऊन दार लावून घेतलं.